पेडव्यांची म्होरकी

पेडव्याला कुणी मासा म्हणून फारसं मोजत नाही. पाहुणा आला की सुरमई, फार तर बांगडा. पेडवे घरच्या माणसांसाठी. बोटाएवढी लांबी, चंदेरी पोट, आणि काटे इतके की जेवताना भांडणसुद्धा करता येऊ नये. पण झरवड्याच्या चुलीवर वर्षाचे निम्मे दिवस काही शिजत असेल तर ते पेडव्यांचं तिखलंच. म्हणून त्या दुपारी वनिता तांडेलनं भांड्यावरचं झाकण काढलं आणि ती डाव हातात धरून नुसती बघत राहिली.

"शमिका, हंय ये गो. ह्या बघ. तवंगच येवक नाय."

शमिका तिची थोरली लेक. समुद्रजीवशास्त्र शिकून रत्नागिरीकडच्या एका संशोधन संस्थेत लागली होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं. तिरफळांच्या मधून लाल तेल तरंगायला हवं होतं, ते कुठंच नव्हतं. रस्सा पाणचट होता आणि त्यात पेडवे काड्यांसारखे पडले होते.

"शिळे आसतीत, आये."

"शिळे? तुझ्या भावान सकाळी रापण ओढल्यान. तुझ्या म्होरकीनच हाडलेली मासळी ती." वनितानं झाकण परत ठेवलं. "आणि गाबोळी खंय गेली? दिवाळी इली, पन एका पेडव्याच्या पोटात गाबोळी नाय. असा कधी बघूक नाय मी."

शमिकानं मान हलवली आणि ताट घेतलं. ती भुकेली होती, आणि घरी आलेल्या माणसाला आईच्या स्वयंपाकात शास्त्र दिसत नाही.

म्होरकीची गोष्ट त्याच्या चार वर्षं आधीची.

झरवडे हे खाडीच्या तोंडावरचं गाबीत मच्छीमारांचं गाव. तिथं रापण चालते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या गावानं मिळून ते ओढायचे. रापणीचा कायदा एकच आहे: दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा. मग तो म्हातारा असो, नवऱ्याविना राहिलेली बाई असो, की रस्त्यानं जाता जाता थांबलेला परका असो. झरवड्यात भीक मागणारं माणूस कधी दिसलं नाही ते या कायद्यामुळं. पण समुद्राचं पाणी तापत गेलं तसे थवे किनाऱ्यापासून लांब, गार पाण्यात सरकले. किनाऱ्यावरून ओढायचं जाळं काही त्यांच्या मागं धावत जाऊ शकत नाही. वडिलांच्या मागं रापण सांभाळणारा शमिकाचा धाकटा भाऊ गौरेश महिनामहिना रिकामं जाळं ओढत होता, आणि दोर धरायला येणारे हात कमी कमी होत चालले होते.

हे शमिकाला बघवत नव्हतं. तिचा अभ्यासही नेमका थव्यांवरच होता.

माशांच्या थव्याला राजा नसतो. पेडव्याच्या डोक्याच्या कातडीखाली बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातल्या पेशींना पाण्याचा दाब कळतो. शेजारचा मासा वळला की पाणी हलतं, ते या पेशी टिपतात, आणि हाही वळतो. याला बघून त्याच्या पलीकडचा. असा हजारो माशांचा थवा एका अंगानं वळतो. पण जायचं कुठं, हे त्या हजारोंमधल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं. ते म्हातारे मासे. ते आधी एकदोन वर्षं त्या वाटेनं गेलेले असतात. बाकीचे नुसते शेजाऱ्याकडे लक्ष ठेवून पोहतात. म्हातारे वळले की सगळे वळतात, आणि गंमत अशी की आपण कुणाच्या मागून चाललोय याचा मागच्यांना पत्ताही नसतो.

हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. शमिकानं त्यातून यंत्र केलं. तळहाताएवढा मऊ रबराचा मासा; आत मोटर आणि शेपटी. ती शेपटी पाण्यात पेडव्यासारखेच भोवरे उठवायची, फक्त थोडे ठसठशीत. किनाऱ्यावरून ध्वनीच्या ठोक्यांनी तिला दिशा द्यायची. अशी पाचसहा यंत्रं थव्यात सोडली की पेडव्यांना ती आपल्यातली सगळ्यात ठाम माणसं वाटत. संस्थेत त्या यंत्राला लांबलचक नाव होतं. गौरेशनं बघितल्याबरोबर त्याला म्होरकी म्हटलं आणि तेच चिकटलं.

पहिल्या चाचणीत म्होरकीनं थवा किनाऱ्यापाशी आणला खरा, पण रापण ओढून होईतो तो निघूनही गेला. गौरेश गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "बाय, हाडलंस ता बरा केलंस, पन तेका थांबूक शिकव! जाळा बंद होईसर थांबाक होया!"

त्यात चूक काय होतं? रापण बंद व्हायला वेळ लागतोच. शमिकानं त्याप्रमाणं यंत्र बदललं. म्होरकी ठरल्या जागी आली की शेपटी बंद करायची, आणि तिच्याभोवती थवाही थांबायचा. अगदी शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे राहायचे पेडवे. बहीणभाऊ त्या दिवशी वाळूत बसून खूप हसले.

अडचण एकच होती, ती देवीची. नारळी पौर्णिमेनंतर दिसणारा पहिला थवा झरवड्यात धरत नाहीत. तो देवीचा वाटा. तो दिसला की दोर वाळूवर टाकायचे, गावानं किनाऱ्यावर बसायचं, आणि थवा खाडीत शिरेपर्यंत दोराला कुणी शिवायचं नाही. का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाडवडिलांनी केलं म्हणून करत आले होते. पण त्या वर्षी पहिला थवा म्होरकीच आणणार होती, तोही एका बड्या कंपनीच्या माणसांसमोर. ती माणसं यंत्र विकत घ्यायला आली होती. त्यांना वाळूवर बसवून रिकामा समुद्र दाखवायचा म्हणजे सगळंच मुसळ केरात.

तेव्हा गावानं नेहमीचं केलं. देवळात जाऊन कौल लावला. भिकाजी गुरवानं देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि शमिकाकडे वळून म्हणाला, "काय इचारूचा ता नीट सांग, बाय. देवी इचारल्याचाच उत्तर देता."

शमिकानं विचार करून प्रश्न दिला. "यंत्रान हाडलेलो पयलो थवो गावान घेवचो काय?"

जराशानं उजवीकडची, होकाराची, पाकळी सुटली. देवळात एकदम गलका झाला, कुणीतरी नारळ फोडला, गौरेशनं बहिणीची पाठ थोपटली. यंत्रानं आणलेली मासळी ती देवीची कशी असेल, हे सगळ्यांना पटलं. शमिकाला तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी रापणीत इतके पेडवे आले की दोर ओढायला शेजारच्या गावची माणसं बोलवावी लागली. ते थोराड होते, तेलानं निथळणारे, आणि एकूण एक अंड्यांच्या गाबोळीनं भरलेला. वनितानं त्या दिवशी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवू घातलं.

कंपनीनं म्होरकी गावोगाव नेली. दोन वर्षांत डहाणूपासून कारवारपर्यंत एकही खाडी तिच्याशिवाय राहिली नाही. आणि मग वनिताच्या तिखल्यावर तवंग येईना.

शमिका संस्थेत परतली तरी आईचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. एकदा सहज म्हणून तिनं बाजारातून पेडवे आणून तपासले. एकाही माशाला दुसरं वर्ष लागलं नव्हतं. सगळी पोरंटोरं, तीही उपाशी. तिनं दुसऱ्या बंदरावरचे मागवले, तिसऱ्या. सगळीकडे तेच. तेव्हा तिला कळलं काय झालं ते.

रापणीच्या भोकांतून बारीक पिल्लं निसटतात, अडकतात ते मोठे. ज्यांना खाडीची वाट ठाऊक होती, कुठं चरायचं आणि कुठं अंडी घालायची हे ठाऊक होतं, ते म्हातारे गावानं पहिल्याच हंगामात तिखल्यात घातले होते. निसटलेल्या पिल्लांना जन्मात एकच म्होरक्या माहीत होता, रबराचा. ती त्याच्या मागून हिंडत. पण त्याला भूक नव्हती, म्हणून तो कधी चरायला गेला नाही. त्याच्या पोटात अंडी नव्हती, म्हणून तो कधी खाडीत शिरला नाही.

ती तडक गावी आली. किनाऱ्यावर गौरेश हात कपाळाशी धरून समुद्राकडे बघत उभा होता.

"बघ गो, ह्या काय चल्लाहा?"

उथळ पाण्यात पेडव्यांचं एक चाक फिरत होतं. कंपनीनं आपल्या म्होरक्या दुरुस्तीला उचलून नेल्या होत्या. म्होरकी नाही, म्हणून प्रत्येक मासा समोरच्याच्या मागून चालला होता, समोरचा त्याच्या समोरच्याच्या, आणि पहिल्यानं शेवटच्याची शेपूट धरली होती. असे ते गोल फिरत होते, न खाता, न थांबता. संध्याकाळपर्यंत त्यांची पांढरी पोटं वर यायला लागली. भरतीनं ते वाळूवर आणून टाकले आणि कावळ्यांनासुद्धा ते आवरेनात.

शमिकानं भावाला सगळं सांगितलं.

"म्हंजे जे वाट जानत होते, ते आमी खाल्ले."

"होय."

"तुका म्हायत नव्हता?"

"नाय रे. म्हायत असता तर..."

"थांबूक शिकव, ता मीच सांगलंय." गौरेशनं पायाशी पडलेला एक पेडवा उचलून पाण्यात फेकला. तो मेलेलाच होता. "घराक जा, बाय. माका आता तुझ्याकडे बघूक होवचा नाय. माझ्याकडे सुदा."

त्यानंतर सहा महिने बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर त्याच चाकाच्या बातम्या येत राहिल्या. कंपनीनं मासळीच उरली नाही म्हणून ठोक्यांची यंत्रणा गुंडाळली आणि ती दुसऱ्या किनाऱ्याला निघून गेली. झरवड्याची तरणी पोरं मुंबई-गोव्याकडे पांगली. गौरेशनं रापण घडी करून देवळाच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

पावसाळा सरता सरता समुद्रात एक थवा दिसला. लहानसाच, पण पेडव्यांचा. कंपनीची एक विसरलेली म्होरकी सूर्याच्या उजेडावर अजून कशीबशी शेपटी हलवत होती आणि तिच्याभोवती तो जगला होता. शमिकानं चार मासे धरून तपासले. ते हडकुळे होते, पण पोटात गाबोळी धरत होती. कशी, देव जाणे. किनाऱ्यावर तेवढा एकच थवा उरला असावा असं तिला वाटत होतं, आणि नसला तरी तिच्या हाताशी तेवढाच होता.

ती भावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कंपनीची ती म्होरकी काढून घेवया. माझी पयली अजून असा. तिका घेवन ह्येंका खाडीत न्हेवया. वरती, चिपीच्या रानात, भरतीचा पानी चढता थंय. पुर्वी थंयच अंडी घालीत होते. थंय नेवन म्होरकी बंद केली की ते मोकळे. अंडी घालतीत, पानी उतारला की भायर येतीत."

"माझ्यान काय होताला?"

"होडी वल्हव. आणि गावाक सांग, दोराक हात लावूचो नाय."

गौरेश उंबऱ्यावरून उठला. मग त्यानं वल्हं उचललं.

त्या सकाळी अख्खं झरवडे किनाऱ्यावर बसलं होतं. घरात शिजवायला मासळी नव्हती, कित्येक दिवस नव्हती. आणि दगड मारावा इतक्या जवळून पेडव्यांचा थवा चालला होता. गुरवानं रापणीचे दोर ओसरीवरून आणून वाळूवर टाकले होते. कुणी त्यांना शिवलं नाही. एक म्हातारी तेवढी रडत होती, आणि का रडते हे तिला कुणी विचारलं नाही. वनितानं थव्याला हात जोडले. पुढं होडी, होडीच्या पोटाखाली म्होरकी आणि तिच्यामागं चंदेरी पाणी, असा तो देवीचा वाटा पाच वर्षांनी खाडीत शिरला.

चिपीच्या खारफुटी झाडांमध्ये भरतीचं पाणी कंबरेएवढं होतं. शमिका होडीतून उतरली. थव्यातल्या माद्यांची फुगलेली पोटं तिला स्पष्ट दिसत होती. तिनं म्होरकी बंद केली.

"जावा आता," ती म्हणाली. हसत होती ती. गौरेशसुद्धा, कितीतरी महिन्यांनी.

पेडवे गेले नाहीत. म्होरकी जिथं थांबली तिथं, तिच्याभोवती, शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे राहिले.

शमिकाला वाटलं, थोडा वेळ जाऊ दे. वेळ गेला. भरती सरून ओहोटी लागली, चिपीच्या मुळांवरून पाणी खाली सरकू लागलं. मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. म्होरकी थांबली म्हणजे मोकळं झालो, असं या माशांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्होरकी थांबली म्हणजे थांबायचं. जाळं बंद होईपर्यंत थांबायचं. त्यांना एवढीच एक गोष्ट येत होती, आणि ती त्यांना तिनंच शिकवली होती.

तिनं म्होरकी परत चालू करायला घेतली. जुनं यंत्र, जुनी रबरी कड. आत चिखल गेला होता. शेपटी एकदा फडफडली आणि गप्प झाली. तिनं ते उघडलं, पदरानं पुसलं, पुन्हा बंद केलं, झटकलं, शिव्या दिल्या. गौरेशनं वल्ह्यानं पाणी बडवलं. पेडवे भ्यायले, पांगले, आणि फिरून त्याच जागी आले.

"लोकांका हाड!" ती किंचाळली. "पाटये घेवन येवक सांग!"

गाव धावत आलं. बायकांनी चिखलात उतरून पाट्यांनी पेडवे उपसले आणि खोल धारेपर्यंत नेऊन सोडले. सोडलेले पेडवे पाण्यात क्षणभर गोंधळले, मग वळले, आणि उतरत्या पाण्याविरुद्ध पोहत परत वर, आपल्या थांबलेल्या सोबत्यांकडे निघाले. बायकांनी पुन्हा उपसले. पुन्हा नेले. गुरव, वनिता, ती रडणारी म्हातारी, सगळे दमून चिखलात बसेपर्यंत हेच चाललं. पाणी गुडघ्यावरून पोटरीवर आलं, पोटरीवरून घोट्यावर. चिपीच्या शेंड्यांवर बगळे येऊन बसले होते.

शमिका मध्ये उभी होती, बंद पडलेलं यंत्र पोटाशी धरून. तिच्या पायांभोवती पेडवे आडवे झाले, एकमेकांना लागून, कल्ले उघडत-मिटत. ओळ मात्र कुणी मोडली नव्हती.

ज्या पाट्यांतून ते सोडायला नेले होते, त्याच पाट्यांत गावानं मग ते भरून घेतले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पण मासळी चिखलात कुजू द्यायची नसते, आणि घरोघरी पोरं उपाशी होती. गौरेशनं रीतीप्रमाणं वाटे घातले. ज्यानं ज्यानं चिखलात हात घातला होता, त्या सगळ्यांना. शेवटचा वाटा घेऊन तो बहिणीपाशी आला. ती अजून तिथंच उभी होती.

"पदर धर," तो म्हणाला.

"नको रे, गौऱ्या."

"तुझो वाटो तो. हात लावलंस ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं तिच्या ओल्या पदरात पेडवे ओतले आणि तिला हाताला धरून चिखलातून बाहेर काढलं.

घरी वनितानं पदर रिकामा करून घेतला आणि ती विळी घेऊन परसात बसली. शमिका आत भिंतीला टेकून बसली होती, तिचे पाय अजून चिखलानं भरलेले होते. विळीचा तेवढा आवाज येत होता. जन्मभर हजारदा केलेलं काम. वनिताचे हात आपोआप चालत होते. पहिल्या पेडव्याचं पोट उघडलं तसा तिचा चेहरा एकदम फुलला, दरवर्षी फुलायचा तसाच, आणि सवयीनं तिनं आत हाक मारली,

"शमिका, बघ गो! गाबोळी भरलेली हा!"

मग तिचे हात थांबले.